सर्वांसाठी अन्न

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आमच्याकडे जुनी नाणी मांडतात आणि त्यांच्याशेजारी साळीच्या लाह्या, बत्तासे, धणे ठेवतात. त्या नाण्यांत वीस पैशांचे एक पिवळे नाणे आहे, १९७० सालचे. त्यावर ‘सर्वांसाठी अन्न’ या अर्थाचे शब्द आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९६८ साली देशोदेशींच्या सरकारांकडून अशी नाणी काढविण्याची योजना आखली, तिच्यातलेच हे एक. त्याच वचनाचे दहा रुपयांचे चांदीचे नाणेही तेव्हा निघाले. ते संग्राहकांच्या पेटीत गेले. विसाचे मात्र वाण्याच्या गल्ल्यात खुळखुळले.

या दोहोंपैकी वचन पाळले कोणी? चांदीचे नाणे अजून लखलखत असेल, पण ते पेटीतून हललेच नाही. आमच्या विसाच्या नाण्यावरची अक्षरे पुसट झाली आहेत. पण ती झिजली मीठ-मिरची, डाळ-पीठ घेता घेता.

१९७३ साली नाण्यांवर ‘अधिक अन्न पिकवा’ असा संदेश आला. तेव्हा महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. ज्याचे पेरलेले बीसुद्धा मातीत गेले, त्याने पिकवावे तरी काय? त्याला तारले ते दुष्काळी कामांवरच्या मजुरीने. खडी फोडून आलेल्या पैशांतून त्याने दाणे घेतले. ते त्याने मागितले नाहीत, विकत घेतले, हे विसरता कामा नये. पुढे १९७७ च्या कायद्याने या राज्यात ग्रामीण माणसाचा कामावरचा हक्कच मान्य केला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाविषयी अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हेच दाखवून दिले: कोठारात धान्य असूनही ते मिळविण्याचे साधन हाती नसले, तर माणूस उपाशी मरतो.

म्हणजे नाण्यावर काय लिहिले आहे, यापेक्षा ते कोणाच्या मुठीत आहे, हा प्रश्न मोठा. आणि तो केवळ सरकारला विचारून आपली सुटका होत नाही. भाजीवालीशी चार आण्यांसाठी हुज्जत कोण घालतो? धुण्याभांड्यांच्या बाईंनी पगारवाढ मागितली की कोणाच्या कपाळाला आठी पडते?

वीस पैशांचे नाणे २०११ साली चलनातून बाद झाले. त्यावरचे वचन मात्र अजून फेडायचे राहिले आहे. यंदा पूजेनंतर ते नाणे डबीत ठेवताना, बाईंचा पगार आपण काय ठरवला आहे, हे मी एकदा आठवून पाहणार आहे.