खोट्या कुऱ्हाडीचा आवाज

ग्रिम बंधूंच्या 'हान्सेल आणि ग्रेटेल'मध्ये चेटकिणीपेक्षा भयंकर एक जागा आहे. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतून ती बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आईबाप मुलांना जंगलात शेकोटीपाशी बसवून निघून जातात. बाप लाकूडतोड्या. लांबून खट् खट् आवाज येत राहतो, मुलांना वाटतं बाबा जवळच आहेत, आणि ती निर्धास्त झोपतात. पण तो आवाज कुऱ्हाडीचा नसतो. बापाने एका वठलेल्या झाडाला फांदी बांधून ठेवलेली असते. वाऱ्याने ती आपटत राहते.

आमच्या ग्रुपसाठी या गोष्टीचं बालनाट्य लिहायला घेतलं, तेव्हापासून मी या फांदीपाशी अडकलेय. ठेवायची की काढायची?

या गोष्टीचा सगळ्यात गाजलेला रंगमंचीय अवतार म्हणजे एंगेलबर्ट हुम्परडिंकचा ऑपेरा. 23 डिसेंबर 1893ला वायमारमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला, कंडक्टर होता रिचर्ड स्ट्राउस. संहिता हुम्परडिंकच्या बहिणीची, आडेलहाइड वेट्टेची. तिच्या संहितेत आई मुलांना टाकतच नाही. दुधाचं भांडं फुटतं, वैतागलेली आई दोघांना स्ट्रॉबेरी आणायला रानात पिटाळते, आणि मग आईबापच घाबरून शोधायला निघतात. झोपलेल्या मुलांभोवती चौदा देवदूत पहारा देतात. संगीत सुंदर आहे, वादच नाही. पण गंमत बघा, चेटकिणीला भट्टीत ढकलणं मात्र तसंच ठेवलंय. म्हातारीला जिवंत जाळलेलं चालतं, आईबापांनी सोडून दिलेलं चालत नाही. मला तरी वाटतं, या बदलाने मुलांना वाचवलं नाही, आईबापांना वाचवलं.

ग्रिमनीही तेच केलं होतं. 1812च्या पहिल्या आवृत्तीत ही सख्खी आई आहे. 1840च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. (सावत्र आयांच्या वाट्याला काय काय आलंय!) चार तोंडं आणि अपुरी भाकरी, असा तो हिशेब होता. त्याचा एका वाईट बाईचा कट झाला. बाप जवळजवळ सुटलाच, फांदी त्याने बांधूनसुद्धा.

ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं म्हणणं मात्र मला झटकून टाकता येत नाही. आमचे प्रयोग मराठवाड्यातल्या शाळांमध्येही होतात. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की तिथल्या कितीतरी मुलांचे आईबाप कारखान्यांकडे गेलेले असतात. मुलं आजीकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. "त्यांच्यासमोर सख्खी आई म्हणणार, यांना सोडून येऊ?" तिने विचारलं. "तू सत्य दाखवून घरी येशील. रात्री अंथरुणात ते त्या पोराला एकट्याने निस्तरायचंय."

ते आईबाप पोरांना टाकत नाहीत, पोटासाठी जातात. फरक फार मोठा आहे. पण रंगमंचावर मुलांना सोडून जाणारी बाई दर वेळी सावत्र आणि दुष्टच असेल, तर तो फरक त्या पोराला कुठे सापडणार? त्याला एकच उत्तर मिळतं, जी जाते ती वाईट. समोर सख्खी, उपाशी, स्वतःच्याच निर्णयाने हादरलेली आई असेल, तर तिचा राग करायला जागा आहे आणि तिच्यासाठी रडायलाही. मैत्रिणीला हे पूर्ण पटलेलं नाही. प्रयोगानंतर मुलांशी अर्धा तास गप्पा मारल्याशिवाय सामान आवरायचं नाही, ही तिची अट मी मान्य केलीय.

फांदी ठेवली. बाप ती प्रेक्षकांसमोरच बांधतो. आवाज रेकॉर्डेड नाही, विंगेतून खरंच एक लाकूड आपटतो. तालमीला येणारी बारकी पोरं या जागी ओरडतात, "ए, झोपू नका!"

शेवट अजून बसलेला नाही. मूळ गोष्टीत मुलं परततात तेव्हा आई मेलेली असते. मुलं धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडतात, ग्रेटेल ओच्यातले मोती घरभर सांडते. आमची ग्रेटेल दहा वर्षांची आहे. ती म्हणाली, "मी लगेच नाही धावणार. आधी मोती नीट खाली ठेवणार."

किती वेळ थांबशील, मी विचारलं.

"बाबा काय बोलतात ते ऐकून ठरवीन."

बापाला त्या जागी मी अजून एकही वाक्य दिलेलं नाही.