अंगणातलं काँग्रेस गवत

पावसाळा लागला की आमच्या बेळगावात दोन गोष्टी न लावता येतात, पायरीवरचं शेवाळ आणि अंगणातलं काँग्रेस गवत. कन्नड शेजारणी त्याला ‘काँग्रेस गिडा’ म्हणतात, मराठीत गाजर गवत. पानं खरंच गाजराच्या पानांसारखी, आणि वर खसखस शिंपडल्यासारखी पांढरी फुलं. आणि दरवर्षी मंदिरात स्वाध्यायाला बसलेल्या बायकांत कुणीतरी विचारतंच, ‘चातुर्मासात हिरवं तोडायचं नाही असा नियम घेतलाय, मग हे उपटायचं का नाही?’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे वनस्पतीला जीव मानलाय, एकेंद्रिय का असेना. तिला स्पर्श कळतो. एका रोपाला धरून ओढायचं म्हणजे काय करायचं, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं.

यावरचं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: ‘आपण कशाला हात लावायचा? रोजगाराची बाई बोलवावी.’ मला हे उत्तर कधीच पटलं नाही. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि कुणी केलं तर बरं झालं म्हटलेलं, कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्हींचा हिशोब एकाच वहीत मांडायचा असं आपलं शास्त्र सांगतं. शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवले म्हणून पान दुसऱ्याच्या वहीत जात नाही. शिवाय त्या बाईचं काय? या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. उघड्या हातांनी उपटलं की कातडी लाल होते, खाज सुटते, आणि एकदा अंगाला ते बाधायला लागलं की पुढं नुसतं जवळून गेलं तरी त्रास होतो. परागामुळं शिंका, दमा हे वेगळंच. ती पदर खोचून दिवसभर वाकून उपटते, मनगटं खाजवते, आणि आपण आत बसून म्हणतो, आमचा नियम मोडला नाही. म्हणजे नियम आपला आणि तो पाळायचा तिच्या कातडीनं! बाई बोलवायला माझी हरकत नाही, एकट्यानं सगळं होत नाही. पण तिला जाड हातमोजे द्यावेत, तोंडाला फडकं द्यावं, आणि बरोबर आपणही वाकावं.

दुसरं उत्तर हल्लीचं आहे, तणनाशकाची बाटली. ग्लायफोसेट मारलं की आठ-पंधरा दिवसांत सगळं पिवळं. हात मळत नाहीत, मूळ ओढल्याचा तो ‘टच्च’ आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते सौम्य वाटतं. पण फवाऱ्याला ओळख नसते. दूर्वा, माका, आघाडा, जे हिरवं त्याच्यावर पडेल ते जातं. उपटताना निदान एकेक झाड बघून घ्यावं लागतं. मिठाच्या पाण्यानंही मरतं, पण मग ती मातीच खारट होऊन बसते.

तिसरं उत्तर, काहीच करायचं नाही. हे दिसायला सर्वांत अहिंसक. पण उगवल्यापासून महिन्याभरात याला फुलं येतात, आणि एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात. म्हणजे जूनअखेरीला जी वीस रोपं दोन बोटांनी निघाली असती, त्यांच्या जागी दसऱ्याला कंबरेएवढं रान, आणि त्यात घर केलेले किडे, कोळी, मुंग्या. तेव्हा मग कोयता येतो, काडी लावली जाते. हिंसा टाळली नाही, वाढवून पुढं ढकलली. आपल्या ग्रंथांत हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद धरलाय, बेसावधपणा. आळसाला तिथं सूट नाही.

काही जणी म्हणतात, ते परदेशी आहे, शत्रू आहे, मग विरोधी हिंसेचा दोष कमी. 1955 च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं, अमेरिकेच्या गव्हातून बी आलं असं लोक सांगतात. असेल. पण मिरची आली कुठून? भुईमूग, पेरू? पूजेच्या हारातला झेंडूसुद्धा मेक्सिकोचाच. या गवतावर जगणारा पट्ट्यापट्ट्यांचा भुंगेरा तिथूनच मुद्दाम आणून 1984 मध्ये बंगळुरूत सोडला, आता पावसाळ्यात पानं कुरतडताना आपल्याकडंही दिसतो. तो खातो ते त्याचं अन्न आहे. मला राग धरून उपटायचं नाही. गृहस्थाला चूल पेटवताना, केर काढताना जी आरंभी हिंसा लागते, तीच ही. ती कमीत कमी व्हावी एवढंच पाहायचं.

म्हणून मी फुलं यायच्या आधी उपटते, माती ओली असताना, म्हणजे मूळ सगळं निघतं. वरून कापलं तर पुन्हा फुटतं आणि दुसऱ्यांदा जीव घ्यावा लागतो. सकाळी, चांगलं उजाडल्यावर. मुळाची माती तिथंच झाडते. गांडूळ द्वीइंद्रिय, मुंगी त्रीइंद्रिय, ते आपापल्या जागी राहावेत. उपटलेलं जाळत नाही, बी धरलेलं नसतं म्हणून खड्ड्यात खत होतं. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी टाकते, तो दाट आला की हे फारसं डोकं वर काढत नाही.

तरीही मेलं ते मेलंच. ‘एक गेलं तर दहा वाचतात’ हा हिशोब मला पूर्ण आवडत नाही, त्या वाटेनं गेलं तर माणूस कशालाही पटवून घेईल. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसते तेव्हा मी ते वगळत नाही.

राहता राहिला कुंपणापलीकडचा रिकामा प्लॉट. तिथलं बी वाऱ्यानं इकडं येतं. तिकडं जाऊन उपटावं का, हा माझ्या दिग्व्रताचा प्रश्न आहे, हसू नका. सध्या तारेतून हात पोचेल तिथवर उपटते, आणि प्लॉटवाल्याला फोन करते. ‘हो काकू, या आठवड्यात बघतो,’ असं तो तीन वर्षं म्हणतोय.