समुदायाची क्षमा कशी मागावी?

एखाद्या माणसाचे आपल्या हातून वाईट झाले, तर त्याची क्षमा कशी मागायची हे आपल्याला ठाऊक असते. त्याच्या घरी जावे, पाय धरावेत, घेतलेले असेल ते परत करावे. करायला अवघड असले तरी वाट सरळ आहे. पण अपराध एकाचा नसून समुदायाचा असेल तर? दिंडीचा, भजनी मंडळाचा, किंवा एखाद्या आवडीपायी एकत्र आलेल्या हजारो लोकांचा असेल तर? तिथे पाय कोणाचे धरायचे? ‘क्षमा केली’ असे सगळ्यांच्या वतीने म्हणणार कोण? आणि तो अपराध पैशाच्या मोहाने घडला असेल, तर नुसत्या शब्दांवर लोकांनी विश्वास का ठेवावा?

सज्जनहो, हा प्रश्न आज पुष्कळ ठिकाणी उभा राहतो. समुदाय जमतो तो प्रेमाने. तिथे कोणी पखवाज वाजवतो, कोणी भाकरी थापतो, कोणी नुसताच टाळ धरून मागे उभा राहतो. कोणी कोणाचा नोकर नसतो. अशा ठिकाणी ज्याच्या हाती व्यवस्था असते, त्याला एक दिवस वाटू लागते, की हे सगळे माझ्यामुळे चालले आहे, मग याचे मोल मला का मिळू नये? अपराधाची सुरुवात इथे होते. पैसे जातात ते थोडे असतात. खरे जाते ते हे, की जे सगळ्यांचे होते ते एकाचे होऊ लागते.

यावर विचार करायला एक अलीकडचे उदाहरण घेऊ. ते आपल्या परंपरेतले नाही, अमेरिकेतले आहे. पण त्यातला प्रत्येक टप्पा जगासमोर घडला, म्हणून तो नीट तपासता येतो.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये आणला. चार-पाच मित्र एकत्र बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली सोंगे घेतात, आणि अवघड प्रसंगी पुढे काय घडणार ते फासे ठरवतात. यात हरजीत नाही, पैसा लावणे नाही. भारुडात सोंग घेणाऱ्याला जो आनंद मिळतो, त्याच जातीचा हा हौसेचा आनंद आहे. पुढे या खेळाची मालकी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे आली. २००० साली या कंपनीने एक खुला परवाना दिला. खेळाचे मूळ नियम कोणीही वापरावेत, त्यावर नव्या गोष्टी, नवी पुस्तके रचावीत, विकावीत, असा तो परवाना होता. त्याच्या आधारावर वीस-बावीस वर्षांत असंख्य लहान लेखक, चित्रकार, छापणारे उभे राहिले. कोणाचा त्यावर संसार चालला, कोणाची फक्त हौस भागली.

२०२३ च्या जानेवारीत नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना रद्द समजावा, ज्यांची वर्षाची विक्री साडेसात लाख डॉलरच्या वर जाईल त्यांनी वरच्या रकमेचा चौथा हिस्सा कंपनीला द्यावा, आणि लोकांनी रचलेले कंपनीलाही वापरता यावे, अशी त्यातली कलमे होती. पैसे देण्याची वेळ थोड्यांवरच येणार होती. तरी समुदाय पेटून उठला, कारण जे कायमचे दिले असे सर्वांनी धरले होते, तेच परत घेतले जात होते. लोकांनी कंपनीची वर्गणी बंद केली, निषेधाच्या पत्रावर हजारोंनी सह्या केल्या.

यानंतर कंपनी तीनदा बोलली. त्या तीन बोलण्यांमधला फरक आपल्या कामाचा आहे.

पहिले बोलणे १३ जानेवारीचे. मसुदा लोकांची मते घेण्यासाठीच होता, असे त्यात म्हटले. लोक म्हणतील की ते जिंकले आणि आम्ही हरलो, पण ते अर्धेच खरे, आम्हीही जिंकलोच, असेही म्हटले. राग शमण्याऐवजी वाढला. दुसरे बोलणे १८ जानेवारीचे. आता खेळाचा कारभार पाहणाऱ्या एका वरिष्ठाने स्वतःच्या नावाने स्वच्छ सांगितले, की आमचे चुकले, आम्ही क्षमा मागतो. शब्द चांगले होते. पण दुसऱ्याच दिवशी जो नवा मसुदा आला, त्यातही जुना परवाना काढून घेण्याचे कलम होतेच. यावर मते मागवली, तेव्हा पंधरा हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. त्यांतल्या शंभरातल्या एकोणनव्वद जणांना ते कलम मान्य नव्हते. मग २७ जानेवारीला तिसरे बोलणे झाले. जुना परवाना जसा होता तसा राहील, असे कंपनीने सांगितले. शिवाय खेळाच्या नियमांचा सुमारे चारशे पानांचा मूळ ग्रंथ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या सार्वजनिक परवान्याखाली कायमचा मोकळा केला. हा परवाना देणाऱ्यालाही मागे घेता येत नाही. तेव्हा कुठे वादळ निवळू लागले.

पहिल्या बोलण्यात काय कमी होते? गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात आणि माउलींनी त्यांचा भावार्थ मोठ्या विस्ताराने उलगडला आहे. त्या लक्षणांत क्षमा आहे, पण ती पहिली नाही. आधी अमानित्व येते, मग अदंभित्व, मग अहिंसा आणि त्यानंतर क्षांती. हा क्रम ज्याच्यावर अन्याय झाला त्याला जितका लागू आहे, तितकाच क्षमा मागणाऱ्यालाही आहे. ‘मी हरलो नाही’ हा मान जोवर सुटत नाही आणि ‘माझा हेतू चांगलाच होता’ हा देखावा जोवर गळत नाही, तोवर ओठांवरची क्षमा म्हणजे मानाचेच दुसरे रूप. लोकांना ते लगेच कळते. समुदाय भोळा असतो, पण आंधळा नसतो.

दुसऱ्या बोलण्यात मान सुटला होता. मग तिथे काय कमी होते? तिथे वही अजून हातात होती. याचा अर्थ समजण्यासाठी आपल्याला देहूला जावे लागेल.

तुकोबांच्या घरी सावकारी होती, वाण्याचे दुकान होते. दुष्काळ पडला, घरातली माणसे अन्नावाचून गेली, व्यवहार बुडाला. पुढे वैराग्य आल्यावर त्यांनी काय केले, ही हकिकत प्रत्येक वारकऱ्याला पाठ आहे. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात होती. त्यांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली.

अर्थात तुकोबांचे हे करणे कोणत्या अपराधाची भरपाई नव्हे, ते त्यांचे वैराग्य होते. पण पैशाच्या नात्यातून माणसाच्या नात्याकडे कसे यायचे, याचा धडा त्यात पुरता आहे. ‘आता मी कोणाकडे तगादा लावणार नाही’ असे नुसते म्हणून त्यांना खते पेटीत ठेवता आली असती. लोकांनी विश्वासही ठेवला असता. पण पेटीत खत आहे तोवर देणेकऱ्याच्या मनातली भीती जात नाही. उद्या दिवस फिरले तर? उद्या मन फिरले तर? त्यांनी स्वतःच्या मनावरही तेवढा भरवसा टाकला नाही. मन फिरले तरी हात रिकामा असावा, अशी व्यवस्था केली. आणि दुसरी गोष्टही पाहावी. त्यांनी बुडवला तो स्वतःचा वाटा. भावाच्या वाट्यावर त्यांनी उदारपणा केला नाही. दुसऱ्याच्या पदरचे देऊन कोणी मोठे होत नाही.

म्हणून मला वाटते, समुदायाची क्षमा शब्दांनी सुरू होते, पण पुरी होते ती वही बुडवल्यावर. ज्या अधिकाराच्या बळावर आपण चुकलो, तो अधिकारच सोडून द्यावा लागतो, आणि तोही असा, की पुन्हा उचलता येऊ नये. काल्याच्या दिवशी ज्याने आपली शिदोरी काल्यात घातली, त्याला मागाहून ‘माझे दही वेगळे काढून द्या’ असे म्हणता येत नाही. त्या कंपनीने तिसऱ्या वेळी ग्रंथ काल्यात घातला. पहिल्या दोन वेळी ती शिदोरीची गाठ घट्ट धरून बोलत होती.

यावर कोणी म्हणेल, हे तर नुकसान दिसल्यावर सुचलेले शहाणपण आहे, लोकांनी वर्गणी बंद केली नसती तर कंपनी वाकली असती का? शंका रास्त आहे. पण कोणाच्या अंतःकरणात काय आहे हे पांडुरंगाने पाहावे, आपला तो अधिकार नाही. भीतीने का होईना, खते नदीत गेली की देणेकरी मोकळा होतो. मागणाऱ्याचे मन शुद्ध झाले की नाही हा त्याच्या साधनेचा भाग. समुदायाने एवढेच पाहावे, की आपल्या मानेवरचे जू उतरले का.

आणि क्षमा करणाऱ्यांचे काय? क्षमा करणे म्हणजे पुन्हा सगळा कारभार त्याच्याच हाती देणे नव्हे. त्या वादळात ‘पायझो’ या दुसऱ्या कंपनीने इतरांना बरोबर घेऊन एक वेगळाच खुला परवाना तयार केला आणि अनेकजण तिकडे गेले. यात सूड नव्हता, सावधपणा होता. समुदायाला एक तोंड नसते. कोणी आज क्षमा करील, कोणी पाच वर्षांनी, कोणी कधीच नाही. क्षमा मागणाऱ्याने पावतीची अपेक्षा धरू नये. दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. आधी तू वाक मग मी, असा हिशेब तिथे नसतो. ज्याला क्षमा मागायची आहे त्याने असेच वाकावे, समोरचा वाकला की नाही हे वर मान करून पाहू नये.

आता आपल्या घराकडे वळू. दिंडीत खर्चापेक्षा जास्त भिशी घेतली गेली, वर्षानुवर्षे सेवा करणारे म्हातारे तंबूबाहेर झोपले आणि जास्त देणाऱ्यांची आत सोय झाली, असे कुठे घडले असेल, तर पुढच्या आषाढीला हात जोडून ‘माउली, चुकले’ म्हणणे ही सुरुवात झाली. पुढे हिशेबाची वही सगळ्यांसमोर वाचावी, जास्तीचे परत करावे, आणि पेटीची किल्ली दुसऱ्या दोघांच्या हाती द्यावी. हरिकथेचा मोबदला घेऊ नये, हा तुकोबांचा दंडक किती कडक होता, हे आपण जाणतो. आज कीर्तनकारालाही संसार आहे, प्रवासखर्च आहे, हे खरे. पण बिदागीचा आकडा आधी ठरवून घेतल्यामुळे एखाद्या लहान गावाचा सप्ताह कीर्तनावाचून राहिला असेल, तर त्याची क्षमा गादीवर डोळे पुसून मागता येत नाही. ज्या गावाला परवडले नाही त्याच गावी जावे, आणि पाकीट न घेता कीर्तन करून यावे. पुढच्या वर्षीही जावे.

मागे वळण्याची वाट प्रत्येकाला मोकळी आहे. संप्रदायाने ती कधी कोणाला बंद केली नाही. फक्त त्या वाटेवर इंद्रायणी लागते, आणि खते काखोटीला मारून ती ओलांडता येत नाही.

रामकृष्ण हरी.