हुसेन खानचं ऋण

आरोग्याच्या बातम्या करता करता मी वैद्यकाच्या इतिहासाकडे वळले. तेव्हापासून २० ऑगस्ट जवळ आला की पुरवणीसाठी रोनाल्ड रॉसवरचा लेख माझ्याकडेच येतो. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादेत रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले आणि १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. आपलं औरंगाबाद शहरही तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं.

मला मात्र या गोष्टीतला हुसेन खान सोडवत नाही. हा हिवतापाचा रुग्ण. अळ्यांपासून वाढवलेले डास त्याने अंगाला चावून घेतले, दर डासामागे एक आणा घेऊन. त्यातल्याच एका डासात ते जंतू सापडले.

एक ज्येष्ठ डॉक्टर मला म्हणाले, "ताई, त्याला पैसे मिळाले, व्यवहार मिटला. ते काही दान नव्हतं." आक्षेप खरा आहे. दानाला संकल्प लागतो, आणि तापाने फणफणलेल्या माणसाने जगाच्या कल्याणाचा संकल्प सोडला असेल, असं मी म्हणणार नाही.

पण ऋण घेणाऱ्याच्या बाजूने मोजायचं असतं. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं घेऊनच ब्राह्मण जन्मतो, असं तैत्तिरीय संहितेत आहे; मी ते प्रत्येक माणसाला लावते. तिथे देणाऱ्याचा हेतू कुणी विचारलेला नाही. पाऊस काही माझ्यासाठी पडत नाही, आजीच्या आजीला माझं नाव ठाऊक नव्हतं, तरी ऋण आहेच. ऋषिऋण ज्ञानाचं. ज्याच्या रक्तातून ज्ञान आलं, त्याला मी याच ऋणात धरते. आण्यांनी मजुरी फिटली, एवढंच.

घाटीत, म्हणजे १९५६ पासूनच्या आपल्या मेडिकल कॉलेजात, शरीररचनाशास्त्र विभागात गेलं की फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात. देहदान करणाऱ्याने जिवंतपणी अर्ज भरलेला असतो. शेजारच्या टेबलावरचा देह बेवारस असू शकतो, कुणी न्यायला आलं नाही म्हणून १९४९च्या कायद्याने तिथे पोचलेला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. हे मला बोचतं, बोचायलाच हवं. पण पहिल्या वर्षाची मुलं दोन्ही देहांवर सारखीच शिकतात आणि पुढे आपल्यावर उपचार करतात ते या दोघांच्या जिवावर.

हुसेन खानला ऋषींच्या पंगतीला बसवलं म्हणून एका वाचकाचं रागाचं पत्र आलं होतं. पण पैठणच्या संत एकनाथांनी श्राद्धाचं अन्न आधी दारच्या भुकेल्या महारांना वाढलं, ही कथा आपल्या जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. तर्पणात ज्यांच्यामागे कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठीही पाणी सोडतात. तिथे नात्याचा पुरावा कुणी मागत नाही, मग मी का मागावा?

म्हणून माझ्या लेखात रुग्णाचं नाव मिळालं तर ते आधी जातं. नाही मिळालं तर वय, गाव, धंदा, दप्तरात जे सापडेल ते. जागा कमी पडली, तर पारितोषिकांच्या ओळी कापते.