दुरुस्ती कोणाच्या कानासाठी?

नेरूळच्या आमच्या हॉलमध्ये समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर आहे. सोफा बरोबर मध्ये. कानाच्या उंचीवर मापनाचा मायक्रोफोन ठेवून 'रूम ईक्यू विझार्ड' या मोफत सॉफ्टवेअरने आलेख काढला, तर ५६ हर्ट्झपाशी खोल खड्डा. बास गिटारचे खालचे सूर गायबच! कारण साधं आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणून एवढ्या अंतराचा पहिला अनुनाद तिथेच येतो. तो सूर भिंतींपाशी फुगतो, मध्यावर मरतो.

मी इक्वलायझरने तो १० डेसिबलने चढवला. अ‍ॅम्प्लिफायरला त्या सुरासाठी दहापट शक्ती लागते. माझ्या जागी फरक जेमतेम पडला, पण भिंतीलगत आरामखुर्चीत बसलेले बाबा म्हणाले, "अरे, छातीत धडधडतंय." खालच्या काकूंकडेही ते पोचलं असणार.

आम्ही इंजिनिअर 'करेक्शन' म्हणतो, पण कोणाच्या जागेवरून बरोबर, हे विचारत नाही. आलेख खोटा नव्हता, फक्त एकाच जागेचा होता. माझी उणीव भरायला मी सगळ्यांच्या वाट्याचा आवाज वाढवत होतो.

शेवटी फिल्टर काढला, सोफा दीड फूट मागे सरकवला. खड्डा बराच भरला. सरकवायला जागाच नसती तर? तर ते सूर सोडून दिले असते. ती उणीव माझी होती, बाबांची नव्हे.

आता तीन जागांवरून मोजतो. पहिली बाबांची खुर्ची.