त्रिकोण उचलता येतो काय?

दोन त्रिकोणांच्या दोन बाजू व त्यांमधील कोन अनुक्रमे समान असल्यास ते त्रिकोण एकरूप असतात, हे विधान आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत घोकलेले असते. आजची मुले त्यास ‘बाकोबा कसोटी’ या गमतीच्या नावाने ओळखतात. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील चौथा सिद्धांत तो हाच. त्याची सिद्धता दिसावयास अगदी सोपी. एक त्रिकोण उचलावा, दुसऱ्यावर ठेवावा. कोनावर कोन व बाजूवर बाजू बसली म्हणजे तिसरी बाजू आपोआप जुळलीच.

परंतु त्रिकोण उचलावयाचा म्हणजे करावयाचे काय? कागद उचलता येतो. जिला जाडी नाही, वजन नाही, ती आकृती कोणी व कशी उचलावी? मौज अशी की, खुद्द युक्लिडलाही हा मार्ग फारसा रुचलेला दिसत नाही. दिलेल्या बिंदूपासून दिलेल्या रेषेएवढी रेषा काढावयाची, एवढ्याशा कामासाठी दुसऱ्या सिद्धांतात त्याने समभुज त्रिकोण व वर्तुळे यांचा केवढा खटाटोप केला आहे! जो तेथे साधी रेषा उचलावयास कचरला, तोच दोन सिद्धांतांनंतर सबंध त्रिकोण उचलतो. 1557 साली पेलेतिए या फ्रेंच पंडिताने नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले.

हा आक्षेप म्हणजे निव्वळ शब्दच्छल नव्हे. अंड्याच्या निमुळत्या टोकावरील कवचाचा त्रिकोणी तुकडा त्याच अंड्याच्या मधल्या भागावर ठेवून पाहावा. तो नीट टेकावयाचा नाही. चेंडूचा तुकडा मात्र चेंडूवर कोठेही बसेल. म्हणजे ‘उचलून ठेवा’ असे म्हणताना आपण गुपचूप धरून चालतो की, अवकाश सर्वत्र एकसारखा आहे आणि आकार एका जागेहून दुसरीकडे नेताना बिघडत नाही. जे सिद्ध करावयाचे त्याचा गाभाच येथे गृहीत धरला गेला. 1899 मध्ये जर्मन गणिती हिल्बर्ट याने हा आडपडदा काढून टाकला. अशा त्रिकोणांचे उरलेले कोनही समान असतात, हे त्याने सरळ गृहीतक म्हणूनच मांडले. शिवाय आपल्या इतर गृहीतकांवरून ते निष्पन्न होत नाही, हेही दाखविले.

मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलास काय सांगावे? कागद कापून दाखवावा, असे व्यवहारी शिक्षक म्हणेल. अवश्य दाखवावा, पण त्यास सिद्धता म्हणू नये. गुरूच्या शब्दाला केवळ गुरूचा शब्द म्हणून किंमत नाही, असा शाळेतला विषय भूमिती. तेथेच श्रद्धेला पुरावा म्हणावयाची सवय लागली, तर ती इतरत्र सुटणार कशी? ‘हे आपण मानले आहे’ असे स्पष्ट सांगितल्याने मुलाचा विश्वास उडेल, ही भीती मला पोकळ वाटते. उलट तेवढे एक मानल्यावर पुढचे सारे तो कोणाच्या शब्दावाचून मिळवू शकतो. समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान का, याचे पॅपसने दिलेले उत्तर पाहा: त्याने त्या त्रिकोणाची तुलना त्याच त्रिकोणाशी, डावी बाजू उजवीच्या जागी मानून, केली. तेथे काही उचलावेही लागत नाही, की कातरीही लागत नाही.