गाळ

एका गावात एक मास्तर होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ठरवलं, आता लिहायचं. खिडकीपाशी टेबल मांडलं, दस्ताभर कागद आणले, शाईचं पेन घेतलं. (लिहिण्याआधीची ही तयारी फार गोड असते, कित्येकांचं लेखन तिथंच संपतं.) आषाढ संपायच्या आत कथा देतो, असा एका दिवाळी अंकाच्या संपादकांना शब्दही देऊन बसले. रोज पहाटे टेबलाशी बसायचे. कागद कोराच.

"काही सुचतच नाही. घरात निवांतपणा म्हणून नाही," ते म्हणाले.

"अहो, साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९३३ साली, पाच दिवसांत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तिथं कुठं खिडकीपाशी टेबल होतं?"

मास्तर काही बोलले नाहीत. टेबल तेवढं दुसऱ्या खिडकीपाशी सरकवलं.

वैशाखात नळ आटला. परसातली विहीर नळ आल्यापासून कुणी उपसली नव्हती. तळाशी हातभर हिरवं पाणी, त्यालाही वास. यारी लावून गाळ काढायला आप्पा दोन माणसं घेऊन आला.

पहिल्या दिवशी नुसता काळा चिखल वर आला. दुसऱ्या दिवशीही तेच. कुजका पाला, फुटकी घागर, एक भोवरा. काठावर बसून मास्तर वैतागले.

"अरे आप्पा, पाणी कुठंय?"

"आधी गाळच येनार, मास्तर," आप्पा खालून ओरडला. "त्यो काढल्याबिगर पानी कसं दिसंल?"

तिसऱ्या दिवशी चिखलातून एक तांब्याची कळशी निघाली. पोचे पडलेली, काळीठिक्कर. मास्तरांनी ती ओळखली. सात वर्षांचे असताना त्यांच्याच हातून ती दोरासकट सुटली होती, आणि आई त्या दिवशी रागावली नव्हती. नुसती विहिरीत बघत उभी राहिली होती. मास्तरांनी कळशी चिंच लावून घासली. घासता घासता संध्याकाळ झाली.

चौथ्या दिवशी आप्पानं तळाच्या खडकातली कपार पहारीनं मोकळी केली. करंगळीएवढी धार सुटली.

"नवा झरा लागला का रे?"

"नवा कुठला! तुमच्या आज्याच्या येळचा हाय. उपसा थांबला, म्हून बुजला व्हता. आता रोज पानी काढत ऱ्हावा, न्हाईतर परत बुजंल."

त्या रात्री मास्तर सुचण्याची वाट न बघता लिहायला बसले. पहिली चार पानं कुणाला दाखवण्यासारखी नव्हती: पेन्शन, गुडघेदुखी, गावचं राजकारण. ती फाडली नाहीत, बाजूला ठेवली. पाचव्या पानावर कळशी आली, तिच्यामागून आई आली आणि मग हात थांबेना.

आषाढी एकादशीच्या आधीच कथा पोस्टात पडली. नळाला आता पुन्हा पाणी आहे. तरी मास्तर रोज सकाळी दहा कळशा पाणी काढून झाडांना घालतात आणि मग दोन पानं लिहितात. त्यातलं बरंचसं अजूनही गाळच असतं.